जॅकेट घेण्याआधी ते उलटं करून बघ

प्रश्न विचारणारा मुलगा साताऱ्याच्या गोडोलीत राहतो. रोज ३५० सीसीच्या गाडीवरून शिरवळच्या कारखान्यात जातो, म्हणजे जाऊन-येऊन १२० किलोमीटर हायवे. सुट्टीला कास, ठोसेघर, कधी महाबळेश्वर. हेल्मेट चांगलं घेतलंय, बाकीच्यासाठी २५,००० रुपये साठवलेत. पुण्यात एका दुकानात त्याने ४,५०० रुपयांचं ‘प्युअर लेदर’ जॅकेट पाहिलं आणि दुसरीकडे १७,००० रुपयांचं रायडिंग जॅकेट. तो विचारतो, “काका, दोन्ही चामड्याचीच आहेत, मग वरचे साडेबारा हजार कशाचे द्यायचे? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात चामडं चालेल का?”

काका म्हणालास, म्हणून मीही एकेरीतच लिहितो. साताऱ्यात पंचवीस वर्षं माझं चामड्याचं काम आहे. आधी पट्टे, पिशव्या, सीट कव्हर होती, आता निम्मं काम रायडिंग जॅकेटच्या दुरुस्तीचं. त्यामुळे जॅकेट दुकानात कसं दिसतं यापेक्षा रस्त्यावर घासून आल्यावर कसं दिसतं, हे मी जास्त पाहिलंय.

त्यातलं एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी यवतेश्वरच्या घाटात वळणावरच्या बारीक खडीवरून एका मुलाची गाडी घसरली. वेग फार नव्हता, पन्नासच्या आत-बाहेर. आठवड्याने त्याचे वडील जॅकेट घेऊन आले. टेबलावर पसरलं तर उजव्या बाहीचं चामडं नुसतं खरवडलेलं होतं, जाड पॉलिश पेपर फिरवल्यासारखं. कुठेही भोक नाही. पण कोपराजवळची शिवण वीतभर उघडली होती आणि दोऱ्याची टोकं कापसासारखी पिंजून बाहेर आली होती. आत हात घातला तर कोपराचं पॅड अगदी कोरं, त्याच्यावर ओरखडासुद्धा नाही, कारण ते सरकून हाताच्या आतल्या बाजूला गेलं होतं. मुलाच्या कोपराची कातडी मात्र गेलेली. त्या जॅकेटचं चामडं चांगलं होतं. शिवण आणि मापाने दगा दिला.

म्हणून तुला पहिली गोष्ट हीच सांगतो: जॅकेट हातात आलं की आधी उलटं कर. वरून सगळीच देखणी असतात. खरं काम आतल्या बाजूला दिसतं.

रायडिंग जॅकेटची मोक्याची शिवण एका ओळीची नसते. खांदा, कोपर, बाहीची बाहेरची बाजू, पाठीचा वरचा भाग, इथे दोन किंवा तीन ओळी लागतात आणि त्यातली एक तरी आत दडलेली हवी. कारण सोपं आहे. वरून दिसणारा टाका रस्त्याला सगळ्यात आधी लागतो, दोन-चार हात घसरताच झिजून तुटतो. त्यानंतर चामड्याच्या दुमडीतली आतली ओळ दोन्ही तुकडे धरून ठेवते. ती नसेल तर चामडं कितीही जाड असलं तरी बाही उसवणारच. अस्तराला खाली किंवा बाहीत चेन असते, ती उघड. नसेल तर पॅडच्या खिशातून हात घाल आणि बोटांनी शिवण चाचप. मग दोन्ही हातांनी शिवणीच्या दोन बाजू धरून आडवं ताण. फटीतून दोरा दातांसारखा दिसायला लागला तर ते जॅकेट ठेवून दे.

टाका किती दाट हवा, हेही बघ. लोकांना वाटतं दाट टाका म्हणजे पक्का टाका. कापडात तसं असेल, चामड्यात नाही. सुई कापडाचे धागे बाजूला सारते, चामड्याला मात्र कायमचं भोक पाडते. इंचाला आठ ते दहा टाके पुरतात. धंद्याच्या सुरुवातीला मी एका गिऱ्हाइकाची खांद्याची शिवण इंचाला चौदा टाके घालून ‘मजबूत’ करून दिली होती. सहा महिन्यांत ती भोकांच्या रेषेवरूनच फाटली, टपालाचं तिकीट फाडावं तशी. तो गाडीवरून पडला नव्हता, एवढंच नशीब. त्या दिवसापासून मी टाके मोजतो. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा, जाड आणि मेण किंवा राळ बसवलेला हवा. सुती दोरा घामाने आणि पावसाने कुजतो. फॅशनच्या स्वस्त जॅकेटमध्ये बारीक दोराच सापडतो, कारण ते शिवताना रस्त्याचा विचारच केलेला नसतो.

शिवण कुठून जाते, याकडेही लक्ष दे. कोपराच्या टोकावर आणि खांद्याच्या गोलावर चामड्याचा एकच मोठा तुकडा हवा, शक्यतो दुहेरी. तुकड्याला तुकडा जोडून नक्षी केलेलं जॅकेट फोटोत छान दिसतं. पण प्रत्येक जोड म्हणजे उघडायला एक जागा वाढते. आणि मोठा तुकडा कापायचा तर अख्खं कातडं चांगलं लागतं. बारक्या तुकड्यांत उरलंसुरलंही खपवता येतं.

आता चामड्याकडे येऊ. दोन्ही चामड्याचीच, असं तू लिहिलंस. त्या ४,५०० वाल्याची मला शंका आहे. हिशेब कर: एका जॅकेटला कापणीतलं वाया जाणारं धरून ३५ ते ४० चौरस फूट चामडं लागतं. त्यात चेन, अस्तर, मजुरी आणि दुकानदाराचा नफा मिळवला की साडेचार हजारांत जाड, अख्ख्या पृष्ठभागाचं चामडं बसत नाही. मग तिथे दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर मेंढीचं पातळ, मऊ चामडं, पाऊण मिलिमीटरच्या आसपासचं. ते अंगाला लोण्यासारखं लागतं आणि रस्त्यावर कागदासारखं फाटतं. किंवा मग स्प्लिट. जाड कातडं मशीनवर आडवं चिरलं की वरचा थर वेगळा होतो, तो दाट आणि चिवट. खालचा राहतो तो सैल, पिंजलेला. त्या खालच्या थरावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवून वर रंध्रांचे ठसे मारतात. ‘प्युअर लेदर’ असं म्हणणं खोटं नसतं, पण त्याची ताकद निघून गेलेली असते. दोन पावसाळ्यांत कोपरावर आणि कॉलरवर त्याचे पोपडे निघालेले मी दर वर्षी बघतो.

ही दोन्ही जॅकेटं एकमेकांसारखी दिसतात, त्याचंही कारण आहे. १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये अर्व्हिंग शॉट यांनी मोटारसायकलवाल्यांसाठी चेनचं जॅकेट बनवलं. तिरकी चेन, मोठी कॉलर, कमरेला पट्टा. पुढे फॅशनने ती धाटणी तशीच उचलली, पण चामड्याची जाडी आणि शिवण मागे ठेवून दिली.

जाडी बघायला माझ्यासारखं मापयंत्र तुझ्याकडे नसणार. घरच्या प्रिंटरचे साधे कागद घे. एक कागद अंदाजे ०.१ मिलिमीटरचा असतो. बारा कागदांची गड्डी बोटांत दाबून धर, ती झाली १.२ मिलिमीटर. दुकानात जॅकेटची कड, शक्यतो एकेरी जागेची, दुसऱ्या हाताच्या बोटांत धर आणि तुलना कर. गाय-म्हशीचं चामडं १.२ ते १.४ मिलिमीटर असलं की मी समाधानी असतो. बकरीचं एक मिलिमीटर असलं तरी चालतं, कारण त्याचे तंतू फार घट्ट विणलेले असतात. मग अंगठ्याने दाब. खऱ्या पृष्ठभागावर दाबाभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उठतात आणि सोडल्यावर विरतात. पापुद्रा चढवलेलं नुसतं खड्ड्यासारखं दबतं. कापलेली कड कुठे उघडी मिळाली तर नखाने खरवड. तंतू दिसले पाहिजेत, फोम किंवा कापडाची जाळी नाही. काडी लावून बघायचा उद्योग मात्र करू नकोस. त्यातून काही कळत नाही आणि दुकानदाराचं नुकसान होतं.

बरेच जण मला विचारतात, “कोल्हापुरी पायताणाचं चामडं एवढं दणकट, त्याचंच जॅकेट शिवा की.” कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सातारा आणि सांगली हे आपले जिल्हेही आहेत. माझ्या आजोबांचा हात त्याच कामात घडला, त्यामुळे त्या चामड्याचा मला अभिमान आहे. पण ते बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं, तळव्याखाली वर्षानुवर्षं टिकावं म्हणून ताठ ठेवलेलं. त्याची बाही कोपरात वाकणार नाही. जॅकेटला क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं चामडं लागतं. ते मऊ असतं, जास्त उष्णता सोसतं आणि भिजून वाळल्यावर तेवढं आक्रसत नाही.

चामडंच का, याचंही थोडं गणित मांडतो. ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. त्या वेगाला पडलेला माणूस कोरड्या डांबरावर साधारण २० ते २४ मीटर घसरत जातो, अडीच सेकंद. वेग ८० असेल तर घसरण ३५ ते ४० मीटरवर जाते. म्हणजे वेग २० ने वाढला आणि अंतर जवळजवळ पावणेदोनपट झालं. तेवढा वेळ अंगाचा भार पेलत एखादा थर डांबरावर किसला जातो. साधं नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि वितळलेलं कापड जखमेत चिकटतं. डॉक्टरांना ते चिमट्याने काढावं लागतं. चामडं वितळत नाही, तंतू-तंतूने झिजतं. त्याचं खरं मोल तिथे आहे.

पण चामडं कातडी वाचवतं, हाड नाही. हाडासाठी आतलं पॅड. त्याच्यावर छापलेलं असतं ते वाच. खांदा-कोपरासाठी युरोपचं मानक ईएन १६२१-१ आहे, पाठीसाठी ईएन १६२१-२. चाचणीत ५० जूलचा मार देतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. खांदा-कोपराच्या पॅडमध्ये लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ ला २० पर्यंत. पाठीला ती मर्यादा १८ आणि ९ अशी आहे. म्हणजे पाठीचं लेव्हल २ घेतलंस तर मणक्यापर्यंत पोचणारा जोर मर्यादेच्या हिशेबाने निम्म्यावर येतो. पाठीसाठी लेव्हल २ च घे, यात मी तडजोड सांगणार नाही. आणि एक तपासच: पुष्कळ चांगल्या जॅकेटमध्येही पाठीच्या खिशात नुसता स्पंज घालून देतात, गादीत असतो तसला. तो जागा भरायला असतो. बाहेर काढून बघ, त्यावर काहीच छापलेलं नसेल तर तो फेकून दे आणि खरं पॅड बसव.

पुऱ्या जॅकेटचं मानक वेगळं, ईएन १७०९२. आतल्या लेबलवर गाडीवाल्याचं छोटं चित्र आणि खाली एएए, एए किंवा ए लिहिलेलं असतं. एएए सगळ्यात वरचं. तुझ्या रोजच्या हायवेला एए बघ. नुसतं ‘सीई’, म्हणजे युरोपच्या नियमांत बसल्याची खूण, ठसठशीत लिहिलं असेल तर दुकानदाराला विचार, कशाचं सीई? कित्येकदा ते फक्त आतल्या पॅडचं असतं, जॅकेटचं नव्हे. बी वर्गाला घासण्याची चाचणी असते पण पॅड नसतं, आणि सी वर्ग म्हणजे फक्त पॅड, त्याला घासण्यापासून संरक्षण नाही.

आता माप. यवतेश्वरच्या त्या मुलाचं पॅड सरकलं ते इथेच चुकल्यामुळे. आत स्वेटर बसावा म्हणून एक माप मोठं घेतलं होतं. तसं करू नकोस. टी-शर्टवर जॅकेट घाल, सगळ्या चेन लाव आणि दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीवर बस. आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. हँडल धर. बाही मनगटाच्या हाडापर्यंत आली पाहिजे. उभं असताना ती थोडी लांब वाटते, ते बरोबर आहे. मग डाव्या हाताने उजव्या कोपराचं पॅड पकडून गोल फिरव. अर्ध्या बोटापेक्षा जास्त फिरलं तर पडताना ते तिथे राहणार नाही. दोन्ही हात वर कर, कंबर उघडी पडता कामा नये. कॉलर लावून मान मागे वळवून बघ, तुझ्यासारख्या रोज हायवेवर लेन बदलणाऱ्याला ते लागतंच. नवं चामडं थोडं आवळलेलं वाटू दे. महिनाभरात ते तुझ्या अंगाचं होतं. सैल घेतलेलं मात्र आणखी सैल होतं.

उन्हाळ्याचं खरं सांगतो, जरी चामडं हाच माझा धंदा आहे. मे महिन्यात दुपारी दोनला आनेवाडीच्या टोलनाक्याजवळ गर्दीत अडकलास तर चामड्याच्या जॅकेटात जीव नकोसा होईल. गाडी चालती असली की पुढे बारीक भोकं पाडलेलं जॅकेट हवा घेतं, थांबली की नाही. सुदैवाने तुझी ये-जा सकाळी लवकर आणि संध्याकाळी आहे, म्हणून भोकांचं जॅकेट घे. भोकं छाती आणि बाहीच्या आतल्या बाजूला असावीत, कोपर-खांद्यावर नको. आणि मनाशी एकदा ठरव: एप्रिल-मेमध्ये तू ते खुंटीला टांगून टी-शर्टवर निघणार असशील तर चामडं घेऊच नकोस. एए लेबलचं जाळीदार टेक्स्टाइल जॅकेट घे आणि रोज घाल. त्यात माझं एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

पावसात चामडं पाणी पितं, जड होतं आणि दोन दिवस वाळत नाही. वरून सैल, भडक रंगाचा रेनकोट घाल. भिजलंच तर सुती कापडाने टिपून रुंद हँगरवर सावलीत लटकव. गच्चीवरच्या उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलेलं चामडं तडकतं, मग त्याला काहीच उपाय नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे भिंतींनाही ओल येते, त्यामुळे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या जॅकेटवर पांढरी बुरशी धरतेच. जुन्या सुती चादरीत ठेव. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, लेदर कंडिशनरचा पातळ हात दे. खोबरेल लावू नकोस. ते खवट होतं, बुरशीला बोलावतं आणि चामडं नको तेवढं सैल करतं.

हातमोज्यांबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, तेव्हा मीच विचारतो. पडताना माणूस आधी काय पुढे करतो? तळवा. तरी जॅकेट घ्यायला दहा जण येतात आणि मोजे घ्यायला एखादा. तळव्याला बकरीचं चामडं, मनगटाकडच्या फुगीर भागावर घसरणारी प्लास्टिकची चकती आणि मनगटाला आवळायचा पट्टा, एवढं हवंच. पट्टा लाव आणि दुसऱ्या हाताने मोजा ओढून काढायचा प्रयत्न कर. निघाला तर रस्त्यावरही निघेल. लेबलवर ईएन १३५९४ बघ. बूट घोट्याच्या वर आलेले, ताठ टाचेचे घे. चामड्याची पँट रोज कारखान्यात घालून बसणार नाहीस, म्हणून सध्या अ‍ॅरामिडचं (केव्हलारसारख्या चिवट धाग्याचं) अस्तर आणि गुडघ्याला पॅड असलेली जीन्स पुढच्या पगारासाठी डोक्यात ठेव.

आणखी एक, खास आपल्या रस्त्यांसाठी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत उसाच्या ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्याशिवाय हायवेवर असतात आणि पडलेली पाचट, चिपाडं दवाने निसरडी होतात. काळं जॅकेट अंधारात दिसत नाही. पाठीवर आणि दंडावर चमकणाऱ्या पट्ट्या शिवून घे. पट्टी शिवताना मोक्याच्या शिवणीजवळ नवीन भोकं पाडू देऊ नकोस.

आता तुझे २५,००० रुपये. ४,५०० वालं सोडून दे. ते बाजारात फिरायला चांगलं आहे, खंबाटकीच्या घाटाला नाही. १७,००० वालं पुन्हा जाऊन बघ, यावेळी कागदांची गड्डी खिशात घेऊन आणि आपल्या गाडीवर बसून. शिवण, जाडी, कोपर, लेबल या चारही गोष्टींत उतरलं आणि भोकांचं मिळालं तर घे. दुकानदाराने उलटं करू दिलं नाही, तर तेवढ्यावरच बाहेर पड. उरलेल्या ८,००० मध्ये आधी हातमोजे, मग पाठीचं लेव्हल २ पॅड, मग बूट. बूट बसत नसतील तर दोन महिने थांब, पण हातमोजे जॅकेटच्या दिवशीच घे.

घेतल्यावर साताऱ्यात परत आलास की एकदा माझ्याकडे घेऊन ये. कोपराचं पॅड थोडं सरकत असेल तर खिसा अर्धा इंच आत घेऊन तुझ्या हाताच्या मापाने शिवून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. जॅकेटच्या आत रोज घालतोस तेच कपडे मात्र घालून ये, माप त्यांच्यावरच आणि हात वाकवून घ्यायचं असतं.